केशटोप आणि भूमिका : काबुकी रंगभूमीवरील एका आहार्य साधनाचा विचार

१

नाट्यसमीक्षेत संहितेचा विचार प्रथम होतो, त्यानंतर वाचिक व आंगिक अभिनयाचा. आहार्याची पाळी शेवटी येते, आणि आलीच तर ती बहुधा वेषाच्या वर्णनाने आटोपते. नटाच्या मस्तकावरील केसांचा टोप हा तर या उपेक्षितांतही उपेक्षित होय. टोप चांगला असेल तर तो लक्षात येत नाही, आणि लक्षात आला तर तो दोष समजला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. टोपाचे कार्य नटाचे खरे मस्तक लपविण्याचे आहे, हे ते गृहीत होय. जपानमधील काबुकी रंगभूमी मात्र या गृहीताला मुळातूनच छेद देते. तेथे टोप पाहिला जावा, ओळखला जावा आणि वाचला जावा अशीच अपेक्षा असते. अशा टोपाची निगा ही केवळ रंगपटातील व्यवस्थेची बाब उरत नाही. ती नाट्यार्थाच्या रक्षणाची बाब होते. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

भारतीय नाट्यविचाराला ही दृष्टी अपरिचित नाही. भरताने आहार्य अभिनयाचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सजीव असे चार प्रकार केले व त्याच संदर्भात मस्तक आणि श्मश्रू यांचाही तपशिलाने विचार केला. दाढीमिशांचे शुद्ध, श्याम, विचित्र व रोमश असे चार भेद त्याने सांगितले आहेत. विदूषकाला टक्कल किंवा काकपद, अवंतीच्या तरुणींना कुरळ्या बटा, आभीर तरुणींना दोन वेण्या आणि पतिवियोगात असलेल्या स्त्रीला एकवेणी, अशी त्याची योजना आहे. या योजनेत केस सुंदर दिसावेत अथवा खरे भासावेत, यापेक्षा पात्राचा देश, वय, व्यवसाय व अवस्था ही त्यांवरून कळावीत यावर भर दिलेला आहे. ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकात शकुंतला एकवेणी धारण करून प्रवेश करते. दुष्यंताने तिला नाकारल्यानंतरही तिने विरहव्रत कसे पाळले, हे तिच्या तोंडून येण्यापूर्वीच प्रेक्षकाला कळते. येथे केशरचना हे एक विधानच आहे, आणि राजाच्या पश्चात्तापाला त्या विधानाने अधिक धार येते.

२

जपानी रंगभूमीवर टोपाचे महत्त्व काबुकीपूर्वीच प्रस्थापित झालेले होते. नो नाट्यातील स्त्रीप्रधान नाटकांचा जो तिसरा वर्ग आहे, त्याला ‘काझुरा-मोनो’, म्हणजे शब्दशः ‘टोपाची नाटके’, असे नाव आहे. नाट्यप्रकाराला टोपावरून नाव मिळावे ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. नो नाट्यातील स्त्रीभूमिकेचा टोप साधा असतो. मध्यभागी भांग पाडून केस मागे बांधलेले असतात आणि त्यांवरून कपाळाशी एक नक्षीदार पट्टी बांधून तिची टोके पाठीवर सोडलेली असतात. मुखवटा नटाच्या चेहऱ्यापेक्षा लहान असल्याने प्रौढ पुरुषाची हनुवटी त्याखाली स्पष्ट दिसते, आणि ती झाकण्याचा यत्न कोणी करीत नाही. प्रेक्षकाची फसवणूक करावी असा हेतूच येथे नाही.

काबुकीच्या टोपाचा इतिहास मात्र एका राजाज्ञेशी निगडित आहे. १६०३ च्या सुमारास क्योतो येथे ओकुनी या स्त्रीच्या नृत्यप्रयोगांतून काबुकीचा आरंभ झाला. १६२९ मध्ये स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाली. त्यांची जागा किशोरवयीन नटांनी घेतली. पण १६५२ मध्ये त्यांच्या प्रयोगांवरही बंदी आली. पुढे रंगभूमी पुन्हा सुरू झाली ती नटांनी कपाळावरचे केस काढून प्रौढ पुरुषाप्रमाणे डोके ठेवावे या अटीवर. तत्कालीन जपानमध्ये कपाळावरील केस हे कौमार्याचे व त्यामुळे आकर्षणाचे चिन्ह मानले जात असे. ते भादरले म्हणजे नटाचे मोहक रूप नाहीसे होईल आणि प्रेक्षक केवळ नाट्याकडे पाहील, असा शासनाचा होरा असावा.

या आज्ञेचा परिणाम अनपेक्षित झाला. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांनी, म्हणजे ओन्नागातांनी, भादरलेल्या कपाळावर जांभळ्या रेशमाचा तुकडा घेण्यास आरंभ केला. प्रथम तो उणीव झाकण्याचा उपाय होता. परंतु लवकरच तो स्वतःच शोभेचा विषय झाला. पुढे टोपांची कला प्रगत झाली आणि कपाळ झाकण्याची गरज उरली नाही. तरीही काही भूमिकांच्या टोपावर ते जांभळे रेशीम आजतागायत टिकून आहे. ज्याखाली आता झाकण्यासारखे काही नाही असे हे आच्छादन होय. शासनाने जे वैगुण्य लादले, त्याची खूण रंगभूमीने स्त्रीत्वाचे चिन्ह म्हणून स्वीकारली. काबुकीतील टोपाची प्रकृती या एका तपशिलावरून समजते. तो आपली कृत्रिमता नाकारत नाही. तो तिचा इतिहास मस्तकावर मिरवतो.

३

या टोपाची घडण आणि तो धारण करण्याची रीत पाहिल्याशिवाय त्याच्या अर्थाची चर्चा पोकळ ठरेल. काबुकीत टोपाचे काम दोन स्वतंत्र कारागिरांत विभागलेले आहे. पहिला कारागीर, कात्सुराशी, हा तांब्याच्या पातळ पत्र्याचे कवच ठोकून नटाच्या मस्तकाच्या मापाचे करतो व त्यावर केस चढवतो. हे कवच ज्याच्या मापाचे असेल त्यालाच ते नीट बसते. म्हणून नटाला प्रत्यक्ष समोर बसवून ते जुळवून घ्यावे लागते. केस चढविण्याच्याही दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत केस दोऱ्यावर ओवून त्यांच्या झालरी एकावर एक बसविल्या जातात. दुसरीत हाबुताए नावाच्या तलम रेशमी वस्त्रात केस एकेक करून गुंफले जातात, त्यामुळे कपाळावरील केसांची कड नैसर्गिक दिसते. केस बहुधा माणसाचे असतात. सिंहनृत्यांतील पांढऱ्या व तांबड्या लांब आयाळींसारख्या टोपांना याकचे केस वापरतात.

दुसरा कारागीर तोकोयामा. केस चढविलेला टोप त्याच्या हाती येतो आणि त्याची रचना तो करतो. पुरुषभूमिकांचे व स्त्रीभूमिकांचे तोकोयामा वेगळे असतात, कारण दोन्ही विद्या स्वतंत्र आहेत. मेणासारखे घट्ट तेल, फणी, दोरा आणि कागदी बंद एवढ्या साधनांवर हे काम चालते. पुरुषांच्या टोपात मानेवरील केसांचा फुगा कसा ठेवावा, यावरून नाटकाचा प्रकारही सूचित होतो. ऐतिहासिक नाटकांत तो तेलाने घट्ट व चकचकीत केलेला असतो. नागरी जीवनावरील नाटकांत तो मऊ पिशवीसारखा सैल ठेवतात. जाणता प्रेक्षक नटाच्या मानेकडे पाहूनही नाटकाचा काळ आणि भाव ओळखू शकतो.

टोप धारण करण्याच्या क्रमालाही अर्थ आहे. नट आपले केस प्रथम रेशमी पट्टीने घट्ट आवळून बांधतो. तिची कड मेणाने कपाळाशी एकजीव करून तिच्यावरून रंग चढवितो. त्यानंतर मुखरंग, त्यानंतर वेष, आणि टोप सर्वांत शेवटी. टोप चढेपर्यंत आरशातील आकृती अपूर्णच असते, आणि तो चढला की नटाला मान, खांदे व चाल यांचा तोल नव्याने सांभाळावा लागतो. तांब्याचे कवच आणि त्यावरील केसांचा भार यांमुळे मस्तक सहजासहजी हलविता येत नाही. काबुकी नटाच्या मस्तकाच्या हालचालींत जो संथ, निश्चित ठसा जाणवतो, त्याचे श्रेय केवळ शैलीला न देता काही अंशी या भारालाही दिले पाहिजे. आहार्य येथे आंगिकाला वळण लावते.

निगेचा प्रश्न यातूनच उद्भवतो. काबुकीचा एक कार्यक्रम साधारणतः महिनाभर, सुमारे २५ दिवस, रोज होतो. घाम, रंगमंचावरील उष्णता आणि प्रत्येक प्रयोगातील झटापट यांनी टोपाची रचना बिघडते. तोकोयामा ती दररोज पाहतो, सुटलेला केस बसवितो, तेल पुन्हा लावतो, आणि आवश्यक तेव्हा संपूर्ण रचना उलगडून पुन्हा बांधतो. प्रयोगमालिका संपली की बांधणी मोडली जाते व केस पुढील कामास येतात. म्हणजे काबुकीतील टोप ही जपून ठेवलेली तयार वस्तू नसून पुन्हा पुन्हा केली जाणारी कृती आहे. तिचे रक्षण कपाटाने होत नाही. ते जाणत्या हातांनीच होते.

४

आता प्रत्यक्ष भूमिकांकडे वळता येईल. १७७८ मध्ये प्रथम सादर झालेल्या ‘सानमोन गोसान नो किरी’ या नाटकात इशिकावा गोएमोन हा दरोडेखोर मंदिराच्या भव्य द्वारावर बसून वसंताची शोभा न्याहाळतो. त्याच्या मस्तकावर जो प्रचंड पसरलेला टोप असतो, त्या जातीच्या टोपाला ‘ह्याकुनिची’, म्हणजे ‘शंभर दिवस’, असे म्हणतात. मस्तकाचा पुढील भाग नित्य भादरलेला असणे हे त्या काळी नेटक्या पुरुषाचे लक्षण होते. शंभर दिवस जो भादरला गेला नाही तो मनुष्य या शिस्तीच्या बाहेरचा होय. आता, शंभर दिवसांत कोणाचेही केस इतके वाढत नाहीत. टोप हे वास्तवाचे माप पाळत नाही. शिस्तीबाहेर पडण्याची कल्पना तो मोठी करून दाखवितो. गोएमोन एक शब्दही बोलण्यापूर्वी त्याचा समाजाशी असलेला संबंध सर्व प्रेक्षागृहाला ज्ञात झालेला असतो, आणि म्हणूनच अशा माणसाने फुलांच्या शोभेवर लुब्ध व्हावे यातील गंमत त्याला चाखता येते.

येथे एक आक्षेप संभवतो. टोपाने पात्राचा वर्ग आधीच जाहीर केला तर व्यक्ती उरते कोठे? राजवाड्यातील वरिष्ठ स्त्रियांच्या भूमिकांचा एक वर्ग त्यांच्या टोपावरून ‘काताहाझुशी’ याच नावाने ओळखला जातो. ‘मेइबोकु सेन्दाइ हागी’ मधील मासाओका ही त्यांतील श्रेष्ठ भूमिका समजली जाते. भूमिका टोपाच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या म्हणजे साच्यांची रंगभूमी निर्माण होते, आणि साच्यात मनुष्यस्वभावाच्या सूक्ष्म छटा मावत नाहीत, असे म्हणता येईल. आक्षेप अगदीच निराधार नाही. दुय्यम भूमिकांत टोप हा पुष्कळदा दर्जाचे पद सांगणारा फलक होऊन राहतो. तो वाचला की पात्राविषयी जाणण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही.

परंतु श्रेष्ठ नाटकांत हाच संकेत निराळ्या रीतीने कामी येतो. १७४६ च्या ‘सुगावारा देन्जू तेनाराइ कागामी’ या नाटकातील ‘तेराकोया’, म्हणजे गावशाळेचा प्रवेश, हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मात्सुओमारू हा शत्रुपक्षाच्या वतीने शाळेत येतो. तेथे लपविलेल्या राजमंत्र्याच्या मुलाचे शिर छाटून आणले जाईल, ते त्याचेच आहे की नाही हे त्याने ओळखावयाचे आहे. शिक्षक गेन्झो त्या मुलाऐवजी त्याच दिवशी शाळेत आलेल्या एका नव्या मुलाचा वध करतो. मात्सुओमारू ते शिर खरे असल्याची ग्वाही देतो. ते शिर त्याच्या स्वतःच्या मुलाचे, कोतारोचे, आहे आणि तो बळी जावा म्हणून त्यानेच त्याला तेथे धाडले होते, हे पुढे उघड होते.

या प्रवेशात मात्सुओमारूचा टोप ‘गोजूनिची’, म्हणजे ‘पन्नास दिवस’, या जातीचा असतो. पुढचे केस वाढलेले असून कपाळाला जांभळी पट्टी बांधलेली असते व तिची गाठ डाव्या बाजूस असते. हीच जांभळी पट्टी ‘सुकेरोकु’ नाटकाच्या नायकाच्या कपाळी उजव्या बाजूस बांधलेली दिसते, तेव्हा ती तारुण्याचा जोम सांगते; डाव्या गाठीची पट्टी आजार सांगते. मात्सुओमारू आजारी असल्याचे सोंग करीत आहे. आत वधाचा आवाज होतो, तो झोकांडी खातो. खोकल्याच्या उबळीने त्याचे शरीर हलते. पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हा आजार वाटतो, कारण मस्तकावरील टोप तसेच सांगत असतो. प्रथमच नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकालाही तो तसाच वाटू शकेल. कथा जाणणारा प्रेक्षक मात्र त्याच टोपाखाली पुत्रशोकाने कोसळणारा पिता पाहतो. संकेत निश्चित आहे म्हणूनच पात्राला त्याचा आडोसा घेता येतो. प्रत्येक टोप जर त्या त्या व्यक्तीपुरता स्वतंत्र असता, तर मात्सुओमारूला खोटे बोलण्यासाठी ही भाषाच उपलब्ध झाली नसती. साचा येथे व्यक्तीला गिळत नाही. तो तिला लपण्यास जागा देतो. वर नमूद केलेल्या आक्षेपाचे हेच उत्तर होय.

टोपाच्या निगेचा आणि नाट्यार्थाचा सर्वांत निकटचा संबंध त्सुरुया नानबोकु (चौथा) याच्या १८२५ मधील ‘तोकाइदो योत्सुया काइदान’ या नाटकात दिसतो. ओइवा ही इएमोन या निर्दय माणसाची पत्नी. शेजारच्या धनिकाने औषध म्हणून पाठविलेल्या विषाने तिचा चेहरा विद्रूप होतो. सत्य कळल्यावर ती त्या घरी जाण्यास निघते, आणि जाण्यापूर्वी कुलीन विवाहितेला साजेल अशी सिद्धता करू लागते. ती दात काळे करते आणि आईची आठवण असलेल्या फणीने केस विंचरू लागते. प्रत्येक फणीसरशी केसांचे पुंजके हाती येतात.

या प्रवेशाची भीषणता केवळ दृश्यातील रक्ताने येत नाही. केस विंचरणे ही स्त्रीच्या दैनंदिन आयुष्यातील सर्वांत ओळखीची, आत्मसन्मानाची कृती आहे. आणि त्या कृतीनेच तिचे रूप नष्ट होत आहे. निगा हेच विनाशाचे साधन झाले आहे. टोप रचणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक विलक्षण उलटापालट दिसते. इतर सर्व टोप ढळू नयेत म्हणून बांधलेले असतात. हा टोप योग्य क्षणी, योग्य प्रमाणात सुटावा म्हणून बांधलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तसाच सिद्ध करावा लागतो. ओइवेचा विध्वंस रोज नेमका घडावा यासाठी रंगपटात रोज एक काटेकोर रचना करावी लागते.

तुलनेसाठी युरोपीय रंगभूमीवरील एक प्रसिद्ध उदाहरण घेता येईल. अठराव्या शतकातील इंग्लिश नट डेव्हिड गॅरिक याने ‘हॅम्लेट’मध्ये पित्याचे भूत दिसताच केस ताठ उभे राहावेत म्हणून यांत्रिक युक्तीचा टोप वापरल्याचे सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी टोप हा प्रयोगातील घटनेत भाग घेतो. परंतु गॅरिकचा टोप भीतीच्या शारीरिक परिणामाचे अनुकरण करतो. तो परिणाम नटाच्या मुद्रेवर आधीच उमटलेला असतो, टोप त्याला दुजोरा देतो. ओइवेचा टोप कोणत्याही भावाला दुजोरा देत नाही. तो तिच्या हेतूविरुद्ध वागतो, आणि तिला जे व्हावयाचे आहे व तिचे जे होत आहे त्यांतील अंतर प्रेक्षकासमोर उघडे करतो. नाट्याच्या दृष्टीने दुसरा उपयोग अधिक मूलगामी आहे, असे म्हणावे लागते.

५

मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुषांनी करण्याची प्रथा येथेही दीर्घकाळ चालली. १८८० मध्ये किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ आले. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. टोप, गंगावन, अंबाडा, वेणी आणि फुले यांच्या साहाय्याने पुरुषाच्या मस्तकाला स्त्रीचे रूप देण्याची विद्या या काळात नाटकमंडळ्यांच्या रंगपटात जोपासली गेली. दोन्ही रंगभूमींत एक साम्य विशेष लक्षणीय आहे. एदो नगरातील स्त्रिया ओन्नागातांच्या वेषभूषेचे अनुकरण करीत, तसेच महाराष्ट्रातील सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी बालगंधर्वांच्या पेहरावाचे व ठेवणीचे अनुकरण केले.

दोहोंचा कल मात्र वेगळा राहिला. मराठी संगीत रंगभूमीने कुलीन स्त्रीचे हुबेहूब रूप हा आदर्श मानला. प्रेक्षकाला क्षणभर पुरुषाचा विसर पडावा यातच भूमिकेचे यश मोजले गेले. हा आदर्श स्वीकारला की टोपाचे भवितव्यही ठरून जाते. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि पुढे तीच प्रथा रूढ झाली, तेव्हा हुबेहूबपणाच्या कसोटीवर स्त्रीभूमिकेच्या टोपाला टिकून राहण्याचे कारणच उरले नाही. त्याउलट जपानमध्ये आधुनिक काळात स्त्रिया अन्य रंगभूमींवर आल्या तरी काबुकीतील टोप गेला नाही; कारण तो कधीच खऱ्या केसांचा बदली नव्हता. जो टोप साधर्म्यासाठी असतो तो मूळ वस्तू मिळताच निरुपयोगी होतो. जो अर्थासाठी असतो त्याची जागा मूळ वस्तू घेऊ शकत नाही. शकुंतलेची एकवेणी ही नटीच्या स्वतःच्या केसांची असो वा टोपाची असो, ती एकवेणी म्हणून ओळखणारा प्रेक्षक असेल तोपर्यंतच ती बोलते.

यावरून समीक्षेच्या पद्धतीविषयी एक निष्कर्ष काढता येतो. जुन्या भूमिकांची छायाचित्रे टोपाचा आकार दाखवितात; तो कसा बांधला, किती काळ टिकला, कोणत्या क्षणी ढळावा अशी योजना होती, हे ती सांगू शकत नाहीत. ते ज्ञान टोप रचणाऱ्याच्या हातात असते आणि त्याच्यापासून शिकणाऱ्याच्या हातीच ते जाते. काबुकीत ही परंपरा अखंड राहिल्याने ‘तेराकोया’ किंवा ‘योत्सुया काइदान’ यांचे वाचन प्रयोगाच्या आधारे करता येते. जेथे ती खंडित झाली तेथे संहिता हाती उरते, पण तिच्यातील एक संपूर्ण स्तर मूक होतो. म्हणून कोणत्याही प्रयोगाचे वर्णन करताना टोपाची जात, घडण, धारण करण्याची रीत आणि निगा यांची नोंद घेणे हे रंगपटाच्या हिशेबाचे काम न मानता समीक्षेचे काम मानले पाहिजे. भरताने विदूषकाच्या टकलाची आणि विरहिणीच्या वेणीची नोंद शास्त्रग्रंथात घेतली, ती याच जाणिवेने घेतली असली पाहिजे.